ॲक्सेसमधली पुस्तकांची यादी वेबसाइटवर चढवताना

खानापूर तालुक्यातलं एक वाचनालय. सगळा कारभार ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये, एका जुन्या कॉम्प्युटरवर. कणकुंबी, जांबोटीकडचे वाचक भर पावसात बस धरून यायचे आणि पुस्तक बाहेर गेलंय हे ऐकून हात हलवत परत जायचे. म्हणून यादी घरबसल्या दिसावी असं ठरलं. शहापूरला बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवातीलाच मी घोळ घातला. ॲक्सेसची अख्खी फाइल उचलून वेबसाइटच्या फोल्डरात टाकली. एक तर स्वस्तातलं होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, लिनक्सवर असतं. ते विंडोज नव्हे, तिथे ॲक्सेस चालत नाही. दुसरं म्हणजे पत्ता कळला की ती फाइल कुणीही उतरवून घेऊ शकतो, सभासदांच्या फोन नंबरांसकट. तासाभरात काढली, पण ती रात्र काही झोप लागली नाही.

तेव्हा मूळ फाइल वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरच राहू द्या, वर फक्त तिची नक्कल पाठवा. तीही सगळी नको. ॲक्सेसमध्ये एक क्वेरी, म्हणजे हवे तेवढेच रकाने निवडणारी यादी, बनवा: दाखल क्रमांक, नाव, लेखक, भाषा, कपाट क्रमांक आणि पुस्तक आत आहे की बाहेर. शेवटची गोष्ट ॲक्सेसमधल्या देवघेवीच्या तक्त्यावरून (टेबलावरून) काढायची, पण कुणी नेलंय ते क्वेरीत येऊच द्यायचं नाही.

आता खरं काम. ॲक्सेसला २००० सालच्या आवृत्तीपासून युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र कोड देणारी पद्धत, चालतं, पण आमच्याकडची नोंद श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात होती आणि कन्नड पुस्तकांची नुडी या कन्नड फॉन्टात. असा मजकूर फॉन्ट आहे तोवर देवनागरी दिसतो. फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. एकाच कोडचा मराठी फॉन्टात एक अर्थ, कन्नड फॉन्टात दुसरा, म्हणून आधी भाषेच्या रकान्यावरून नोंदी वेगळ्या करा, मगच ज्याचा त्याला कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम, लावा. किंमत, आयएसबीएन आणि इंग्रजी नावं त्यातून काढून ठेवा, नाहीतर त्यांचीही वाट लागते. आणि हे सगळं फाइलची प्रत काढून, प्रतीवर.

कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की ती हमखास भलत्या जागी बसते. रफारही तसाच भलतीकडे जातो. ग्रंथपाल काका छापील यादी घेऊन शेजारी बसले आणि दर दोन मिनिटांनी, ‘बाई, हितं मोडलंय की ओ!’ दुसरी गंमत ‘ऱ’ची. तो एका कोडनेही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधायला गेलं की वेगळे. ‘दऱ्या’ शोधलं तर निम्मी पुस्तकं गायब. शोधा-बदला करून एकच रूप ठेवा. गावांचंही तेच: प्रकाशनस्थळाच्या रकान्यात बेळगाव, बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदलल्यानंतरचं बेळगावी, तिन्ही होती. आम्ही बेळगाव ठेवलं. कारण सांगायला नकोच.

पुढचं सोपं आहे. ‘एक्स्टर्नल डेटा’मधून क्वेरी टेक्स्ट फाइल म्हणून काढा. फॉरमॅटिंगसकट काढण्याच्या चौकटीत खूण नको. ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून कोड पेज यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) करा. हे विसरलात तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतील. शेवटी ‘एक्स्पोर्टच्या पायऱ्या सेव्ह करा’ म्हणून ठेवा, रोजचा ताप वाचतो.

होस्टिंगवर मायएसक्यूएल डेटाबेस (वेबसाइटवरची नोंदवही) उघडा, त्यातलं टेबल यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये (यूटीएफ-८ चंच मायएसक्यूएलमधलं पूर्ण रूप) करा आणि पीएचपीमायॲडमिनमधून, म्हणजे तो डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायच्या पानावरून, फाइल आत घ्या. शोधासाठी पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत लिहिलेलं एक छोटं पान पुरतं. दोन गोष्टी मात्र सोडू नका: वाचकाने टाइप केलेला शब्द थेट क्वेरीत चिकटवायचा नाही, ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ वापरायचं, म्हणजे तो शब्द हुकूम न ठरता नुसता शब्दच राहतो, आणि त्या पानाला फक्त वाचण्याची परवानगी असलेला वेगळा युजर द्यायचा.

दुरुस्ती कायम वाचनालयातल्या ॲक्सेसमध्ये करायची, वेबसाइटवर कधीच नाही. वाचनालय बंद करताना काका रोज नवी फाइल चढवतात, ती आधी दुसऱ्या नावाच्या टेबलात. नोंदींचा आकडा जुळला की टेबलांची नावं अदलाबदल. वीज गेली तर कालची यादी तशीच राहते, म्हणून पानावर ठळक तारीख टाकली आहे. जांबोटीचा वाचक आधी ती तारीख बघतो, मग बस.