शस्त्रं आणि दात: इंग्रजी वाक्प्रचार पाठ न करता कसे शिकायचे

इंग्रजी इडियम्सची लांबच लांब यादी पाठ करत बसू नका, कारण त्यातले बरेचसे विसरतात आणि जे लक्षात राहतात ते भलत्याच जागी वापरले जातात. त्यापेक्षा एक वस्तू धरा, तिचे भाग बघा, ती कशी चालायची ते समजून घ्या, मग तिच्यातून निघालेले तीन-चार वाक्प्रचार एकदमच कळतात आणि पुन्हा विसरत नाहीत. शस्त्रं आणि दात हे दोन विषय यासाठी मला सगळ्यात आवडतात.

सुरुवात चकमकीच्या बंदुकीपासून करा. तिचे मुख्य भाग तीन. लॉक म्हणजे इथे कुलूप नाही, तर ठिणगी पाडणारी यंत्रणा, स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता आणि बॅरल म्हणजे नळी. तिन्ही मिळून अख्खी बंदूक झाली, म्हणून 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणजे सगळंच्या सगळं, काही मागे न ठेवता.

आता ती उडायची कशी ते बघा. बंदुकीच्या घोड्याला, म्हणजे मागे ओढून ठेवायच्या हातोडीसारख्या भागाला, गारगोटीचा तुकडा लावलेला असायचा, चाप ओढला की ती गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणग्या बाजूच्या छोट्या वाटीत पडायच्या, त्या वाटीत रंजक म्हणजे पेटवणीची बारीक दारू असायची, ती पेटली की आग एका भोकातून नळीतल्या मुख्य दारूपर्यंत जायची आणि मग गोळी सुटायची. पण कधीकधी वाटीतली रंजक भपकन पेटायची आणि गोळी मात्र जागची हलायचीच नाही. त्या वाटीला पॅन म्हणतात, आणि हाच 'फ्लॅश इन द पॅन'. मोठा गाजावाजा होऊन पुढे काहीच न झालेल्या गोष्टीसाठी किंवा एकदाच चमकून गायब झालेल्या माणसासाठी वापरा. तोच घोडा, इंग्रजीत कॉक, अर्धा मागे ओढून ठेवला की बंदूक सुरक्षित मानली जायची, तिथून उडायला नको. तरीही उडाली तर ती 'हाफ कॉक्ड' उडाली, म्हणून पूर्ण तयारी न करता घाईघाईत काहीतरी करून बसणाऱ्याला 'गोइंग ऑफ हाफ कॉक्ड' म्हणतात.

दुसरी सवय लावून घ्या तारखेची. फ्लॅश इन द पॅनबद्दल एक गोष्ट फिरते की कॅलिफोर्नियात लोक नदीच्या वाळूतून सोनं चाळायचे, तव्यात काहीतरी चमकायचं आणि सोनं निघायचंच नाही. ऐकायला छान आहे, पण कॅलिफोर्नियात सोनं सापडलं १८४८ मध्ये आणि हा वाक्प्रचार त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीपासून लिहिलेला सापडतो, म्हणजे गोष्ट तिथेच संपली. चांगल्या मोठ्या डिक्शनरीत, विशेषतः ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत, प्रत्येक अर्थाखाली जुन्यात जुनं उदाहरण वर्षासकट दिलेलं असतं, कुठलीही रंगतदार कहाणी वाचली की आधी ते वर्ष बघा.

'आर्म्ड टू द टीथ'चंही तसंच. लोक सांगतात की समुद्री चाचे हातात पिस्तुलं आणि दातात सुरा धरून जहाजावर चढायचे, त्यावरून हे आलं. पण 'टू द टीथ' म्हणजे अगदी दातांपर्यंत, नखशिखांत, असा प्रयोग १४ व्या शतकातल्या इंग्रजीत आहे, चिलखत घातलेल्या योद्ध्यांच्या वर्णनात, आणि कॅरिबियनचे ते प्रसिद्ध चाचे त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी आले. आज हे फक्त हत्यारांसाठी नाही, कागदपत्रं, आकडे, पुरावे घेऊन पूर्ण तयारीने आलेल्या वकिलालाही चालतं.

आता 'बाइट द बुलेट', यात दात आणि शस्त्र दोन्ही एकत्र आले. भूल न देता ऑपरेशन करताना जखमी सैनिकाच्या दातात गोळी द्यायचे, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पण जुना लेखी पुरावा वेगळीकडे नेतो. फ्रान्सिस ग्रोस या इंग्रज कोशकाराने अठराव्या शतकाच्या शेवटी बोलीभाषेतल्या शब्दांचा कोश केला, त्यात लिहिलंय की चाबकाचे फटके बसताना ओरडणं काही पलटणींमध्ये कमीपणाचं मानत, म्हणून सैनिक शिशाची गोळी चावत राहायचे. लाक्षणिक अर्थाने हा प्रयोग इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगच्या १८९१ च्या कादंबरीत येतो. बोस्टनमध्ये १८४६ मध्ये ईथरची भूल देऊन ऑपरेशन करता येतं हे सगळ्यांसमोर दाखवणारा विल्यम मॉर्टन हा दातांचाच डॉक्टर होता, हे मला फार विलक्षण वाटतं.

वापरताना एक लक्षात ठेवा, बाइट द बुलेट म्हणजे नुसतं दुःख सोसणं नाही, नकोसं पण टाळता न येणारं काम मन घट्ट करून करून टाकणं. आणि 'डॉज अ बुलेट' म्हणजे थोडक्यात वाचणं, या दोघांची गल्लत खूप होते.

थोडक्यात वाचण्यासाठी दातांचाही एक आहे, 'बाय द स्किन ऑफ माय टीथ'. दाताला कातडी कुठे असते, असा प्रश्न पडतो ना? तो पडायलाच हवा, कारण वस्तू डोळ्यासमोर येत नसेल तर बहुतेक वेळा कुठल्यातरी ग्रंथाचं शब्दशः भाषांतर मागे असतं. हे बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं आहे, १५६० च्या जिनिव्हा बायबलने मूळ हिब्रू शब्द जसेच्या तसे इंग्रजीत आणले. तिथे 'विथ' होतं, आज 'बाय' म्हणतात, लिहिताना 'बाय'च लिहा.

'सेट माय टीथ ऑन एज'सुद्धा बायबलमधलंच, आईबापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. आपल्याकडे दात आंबणं आहेच त्यामुळे मूळ चित्र लगेच कळतं, फक्त इंग्रजीत आता ते चवीपेक्षा कर्कश आवाजासाठी जास्त वापरतात, फळ्यावर नख घासलं की होतं तसं.

घोड्यांचं पटकन सांगते. वय वाढलं की घोड्याचे दात लांब दिसायला लागतात, म्हणून 'लाँग इन द टूथ' म्हणजे म्हातारा. हे समोरच्याच्या तोंडावर बोलू नका, अपमान होतो. दान मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून बघू नये ही म्हण इंग्रज लेखक जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात आहे आणि बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने तर साधारण इ. स. ४०० च्या सुमारास लॅटिनमध्ये ती जुनी म्हण म्हणूनच दिलीय. आपली 'धर्माचे गायी आणि दात का गे नाही' शेजारी लिहून ठेवा, दोन्ही पक्क्या होतील.

सुटे शब्द करताना मूळ धातू धरा. आपला दात, संस्कृत दंत, लॅटिन डेन्स आणि इंग्रजी टूथ एकाच मुळातले आहेत. त्यावरून ट्रायडेंट म्हणजे तीन दातांचं शस्त्र, डँडेलियन या पिवळ्या फुलाच्या रोपाचं नाव म्हणजे फ्रेंचमध्ये सिंहाचा दात, त्याच्या पानांच्या कडा बघा. इंडेंचर म्हणजे करारपत्र, एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहून मध्ये दातेरी कापायचे, नंतर दोन्ही तुकडे जुळले तर करार खरा.

पण इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. गाडीला डेंट पडतो तो डेंट दातावरून आलेला नाही! तो जुन्या इंग्रजीतल्या 'डिंट'वरून आला, म्हणजे लढाईत तलवारीचा वगैरे घातलेला घाव, आणि तोच 'बाय डिंट ऑफ हार्ड वर्क'मध्ये, म्हणजे मेहनतीच्या जोरावर, अजून जिवंत आहे. म्हणून स्पेलिंग सारखं दिसलं की लगेच नातं जोडू नका, दोन्ही शब्दांचा इतिहास वेगवेगळा उघडून बघा आणि मगच वहीत एका ओळीत लिहा.