सिबिलचं काय झालं?

किशोरवयीन कादंबऱ्यांतल्या मुलींचं शरीरभान आणि लैंगिकता, असा विषय एमएच्या प्रबंधासाठी घेतला असेल तर पुस्तकं तीनच घ्या. मार्गदर्शक म्हणतील, दहा तरी हवीत. मान डोलवा आणि तीनच ठेवा.

फसायला होतं ते एकाच जागी. मुलगी आरशात स्वतःला न लाजता न्याहाळते किंवा मुलाला स्वतःहून जवळ ओढते, की आपण लिहून मोकळे: 'इथे स्त्रीच्या इच्छेला वाव मिळतो.' थांबा. पुस्तक संपेपर्यंत त्या मुलीच्या मागे राहा. अमेरिकन लेखिका जुडी ब्लूम यांची 1975 ची 'फॉरेव्हर' ही कादंबरी सगळे मोकळेपणाचा दाखला म्हणून देतात, आणि नायिका कॅथरिनपुरतं ते खरंही आहे. ती क्लिनिकमधून गर्भनिरोधक गोळ्या घेते, तिला दिवस जात नाहीत, प्रेम ओसरतं इतकंच. पण पहिल्याच पानावर सिबिल भेटते. ती मुलांसोबत झोपते ते जाडेपणामुळे, प्रेमाच्या भुकेपोटी, असं कॅथरिनच्या मैत्रिणीचं, एरिकाचं निदान. पुढे दिवस जातात ते हिलाच, आणि मूल दत्तक दिलं जातं. नायिकेला दिलेली मोकळीक बाजूच्या जाड मुलीकडून वसूल झाली, हे आरशापाशी थांबलेल्याला दिसतच नाही.

म्हणून वहीत पाच रकाने आखा: पान, कोण बघतंय, शब्द कोणाचे, लाज की इच्छा, पुढे काय झालं. शेवटचा रकाना पुस्तक मिटल्यावरच भरायचा. 'शब्द कोणाचे' इथे आळस नको. एरिकाचं मत लेखिकेच्या नावावर टाकलंत की प्रकरण कोसळलं. पीडीएफमध्ये 'फॅट' शोधून नोंदी करणं हा तर शुद्ध आळशीपणा. ओढणी सारखी करणारी, गर्दीत दप्तर छातीशी धरणारी मुलगी त्या शोधात सापडत नाही.

मराठी पुस्तकं कमी पडतात म्हणून 1933 चं 'कळ्यांचे निःश्वास' या कप्प्यात कोंबू नका. विभावरी शिरूरकरांच्या त्या कथा शिकलेल्या, वाढत्या वयाच्या अविवाहित स्त्रियांच्या. पार्श्वभूमीला एक पान पुरे. संदर्भांसाठी मुंबईत जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र आहे, 1974 पासूनचं.

तोंडी परीक्षेचं फार मनावर घेऊ नका. 'स्तन', 'पाळी', 'हस्तमैथुन' हे शब्द घरी चार वेळा मोठ्याने म्हणून जा. आपण चाचरलो की समोरचेही चाचरतात. आणि सोसायटीतल्या काकूंनी विषय विचारला तर 'किशोरसाहित्य' म्हटलं तरी खोटं होत नाही.