घरी ऑइल चेंबर बदलताय? या चुका टाळा

खड्ड्यातल्या दगडावर किंवा सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं, की पहिला मार बसतो ऑइल पॅनला, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याला. गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. तो घरी बदलता येतो. पण नवा चेंबर बसवूनही पार्किंगमध्ये पुन्हा डाग दिसू लागले, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: साफसफाईत आणि सिलिकॉन (सांधा बंद करणारी पेस्ट) वाळवण्यात केलेली घाई.

खात्री न करता चेंबर उतरवणं

ऑइल वरून ओघळतं आणि थेंब चेंबरवरून पडतो. गळती टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगची, ऑइल फिल्टरची किंवा प्रेशर स्विचचीही असू शकते. इंजिनची खालची बाजू स्वच्छ पुसा, थोडी गाडी फिरवा आणि टॉर्च घेऊन बघा, ओल कुठून सुरू होते ते. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल येत असेल तर क्रँकच्या मागच्या ऑइल सीलचा संशय घ्या. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम गॅरेजचंच.

नुसत्या जॅकवर भरवसा

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी जॅक स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना अडण लावा आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने हलवून बघा. विटा अजिबात नकोत, त्या एका क्षणात फुटतात. ऑइल कोमट असताना काढा. गरम ऑइलने हात भाजतो. त्याआधी सायलेन्सरचा पाइप किंवा क्रॉस मेंबर आडवा येतोय का, तेही पाहून घ्या.

पेचकस खुपसून चेंबर सोडवणं

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुनं सिलिकॉन घट्ट धरून बसलेलं असतं आणि हातात पेचकस असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिन ब्लॉकवर एक खोल ओरखडा उठला, की नव्या चेंबरलाही तिथूनच गळती. पातळ पट्टी कोपऱ्यातून हळूहळू सरकवा. उरलेलं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरची चकती वापरू नका. त्यांचे बारीक कण बेअरिंगपर्यंत जातात. शेवटी ब्रेक क्लीनरने पुसा. ब्लॉकमधून ऑइल ठिबकतच राहतं, म्हणून सिलिकॉन लावायच्या आधी पृष्ठभाग पुन्हा एकदा पुसायचा. बोल्टच्या भोकांत साचलेलं ऑइलही काढा.

चेंबर आत चेपला असेल तर स्ट्रेनर, म्हणजे पंपाकडे ऑइल नेणारी जाळी, तपासा. तो वाकला किंवा त्याची ओ-रिंग फाटली, तर पंप हवा ओढतो आणि ऑइलचं प्रेशर पडतं.

सिलिकॉन जास्त, धीर कमी

साधारण ३ ते ४ मिलीमीटर जाडीची अखंड रेघ पुरते, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेलं सिलिकॉन दाबलं जाऊन चेंबरच्या आतल्या बाजूला येतं, तुटतं आणि स्ट्रेनरच्या जाळीत अडकतं. काही गाड्यांना तयार गास्केट (पॅकिंग) येतं. तिथे कंपनीने सांगितलेल्या जागा सोडून सिलिकॉन लावू नका.

बोल्ट बहुधा दहा नंबरच्या पान्याचे, म्हणजे बारीक. त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. सगळे आधी हाताने बसवा, मग मधून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून आवळा. लांब पान्याने जोर लावला की आटे जातात. ड्रेन बोल्टचा (ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशर नवा घाला. सिलिकॉनच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. शक्यतो रात्रभर थांबून मगच ऑइल भरा.

सुरू केल्यावर

ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच इंजिन बंद करा आणि आधी डिपस्टिकवर पातळी बघा. सांध्यावर थेंब दिसला तर बोल्ट आणखी आवळू नका. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टपाशी वाकते आणि गळती वाढते. ऑइल काढून, चेंबर उतरवून, पृष्ठभाग पुन्हा पुसून सिलिकॉन नव्याने लावावं लागतं. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.