दसऱ्याचा झेंडू: आधी गाडी ठरवा, मग तोडणी

घट बसले की झेंडूवाल्या शेतकऱ्याचं निम्मं लक्ष आभाळाकडे असतं, निम्मं भावाकडे. गाडीची आठवण होते ती अष्टमीला. तोवर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या बऱ्याच गाड्या केळीच्या वाहतुकीत अडकलेल्या असतात आणि तोडणीच्या बाया कपाशीच्या पहिल्या वेचणीला गेलेल्या असतात. म्हणून दोन्ही बोलणी घटस्थापनेआधीच पक्की करा. मजुरीचा दर, किती दिवस, किती वाजता, सगळं आधी बोला. बऱ्याच जणींना नऊ दिवसांचे उपवास असतात, तेव्हा दुपारच्या उन्हात तोडणी लावू नका. फराळाचं आणि पाण्याचं आपणच बघायचं. दसऱ्याच्या सकाळी कुणालाही रानात बोलावू नका, घरी सण असतो.

आता वेळेचा हिशेब. तो मळ्यापासून नाही, बाजारापासून उलटा मांडायचा. कारखाने, वर्कशॉप, दुकानं यांची पूजा खंडेनवमीला आणि दसऱ्याच्या सकाळी होते. हार-तोरणं करणारे त्याच्या एक-दीड दिवस आधी माल उचलतात. दसऱ्याला दुपार झाली की फुलाला कुणी विचारत नाही. म्हणजे मुंबईचा, सुरतेचा माल अष्टमीच्या आणि नवमीच्या पहाटे बाजारात उतरायला हवा. त्यासाठी गाडी सप्तमीच्या आणि अष्टमीच्या रात्री निघाली पाहिजे, आणि तोडणी त्याच दिवशी दुपारी चारनंतर. नवमीला तोडलेला माल लांब पाठवूच नका. तो धुळे, जळगाव, भुसावळ, नंदुरबारसाठी ठेवा. धुळ्यात एकवीरादेवीच्या यात्रेमुळे फुलांची मागणी या दिवसांत चांगली असते. कधीकधी तिथीचा क्षय होऊन अष्टमी-नवमी एकाच दिवशी येतात, म्हणून पंचांग बघूनच तारखा लिहून काढा.

धुळ्याहून सुरत साधारण 225 किलोमीटर, मुंबई 325. आकड्यावर जाऊ नका. सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारीचा घाट आहे, मुंबईच्या वाटेवर कसारा. घाटात एक ट्रक बंद पडला की दोन-तीन तास गेलेच समजा. नेहमीच्या वेळेत तेवढी भर घालूनच गाडी सोडा.

गाडी ठरवताना बहुतेकांची चूक होते ती वजनात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वीस-बावीस किलो माल बसतो, झेंडू त्याच क्रेटमध्ये त्याच्या निम्म्यानंही बसत नाही. फुलांची गाडी जागेनं भरते, वजनानं नाही. एक क्रेट भरून काट्यावर ठेवा, आपल्या वाणाचा आकडा काढा आणि मग गाडीत किती क्रेट बसतात ते ड्रायव्हरला विचारा. तसंच एका सकाळी घड्याळ लावून बघा, एक बाई तासाला किती किलो तोडते. समजा दहा किलो तोडते आणि अंधार पडायच्या आत दोन तास मिळतात, तर सहाशे किलोसाठी तीस माणसं लागतील. हा हिशेब सप्तमीला नाही, आठ दिवस आधी व्हायला हवा.

फूल तोडलं तरी त्याचा श्वास चालू असतो आणि त्यातून उष्णता निघते. गच्च भरलेल्या पोत्यात ती कोंडते. एका दसऱ्याला आम्ही क्रेट वाचवायला माल पोत्यात कोंबला, वर ताडपत्री घट्ट आवळली, आणि गाडी घाटात अडकली. पहाटे बाजारात हमालानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि अहिराणीत म्हणाला, "माल तपी गया." म्हणजे माल तापला. वरची फुलं ताजी होती, मधली शिजल्यासारखी काळवंडली होती. सगळ्या पोत्यांना खालचा भाव लागला. ते दुःख मी विसरलेलो नाही, म्हणून कळकळीनं सांगतो: लांबचा माल क्रेटमध्येच भरा. पोतीच वापरायची तर जाळीची, लहान आणि सैल भरलेली. क्रेट काठोकाठ भरू नका, वरचा क्रेट फुलांवर बसतो. ताडपत्री टाकाच, पण पुढून-मागून वारा खेळू द्या.

तोडलेला माल लगेच भरायचा नाही. शेडमध्ये, नाहीतर कडुनिंबाच्या सावलीत गोणपाटावर पातळ पसरा, तासाभरात रानाची गरमी उतरते. फुलांवर पाणी मारू नका. ताजी दिसतात खरी, पण ओलं फूल गाडीत सडतं. पहाटेच्या तोडणीला दव असतं, तेव्हा फुलं सुकवूनच भरा. तोडणीच्या आदल्या दिवशी हलकं पाणी दिलं तर फूल टणक राहतं. परतीचा पाऊस आला तर भिजलेला माल वेगळा ठेवा आणि जवळच्या बाजारात विका. चांगल्या मालात मिसळलात तर दोन्ही जातील.

क्रेटवर नाव आणि आकडा रंगानं लिहा. सणाच्या गर्दीत दहा जणांचे क्रेट एकाच ओट्यावर येतात आणि "कितला क्रेट शेतस?" (किती क्रेट आहेत?) या प्रश्नाला तुमच्याकडे कागद असावा. भरलेल्या क्रेटची संख्या, वजन, निघाल्याची वेळ यांचा फोटो काढून आडत्याला, म्हणजे बाजारात आपला माल विकून देणाऱ्याला, पाठवा. रिकामे क्रेट कोण आणि कधी परत आणणार, हेही आधीच ठरवा, कारण दिवाळीला तेच लागणार आहेत.

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. दसऱ्याला भाव पडला म्हणून झाडावरची फुलं तशीच सोडू नका, ती बी धरतात आणि नव्या कळ्या मागे पडतात. दुसऱ्याच दिवशी सगळी पिकली फुलं काढून टाका, करपा रोगाची पानं खुडा, खत द्या, पाणी सोडा. सुरतेत लक्ष्मीपूजनाला चोपडापूजन असतं, आपल्याकडे वहीपूजन. त्या गाडीचं बोलणं दसऱ्याचा हिशेब होतो त्याच दिवशी करून टाका.