जीआरबीचा आफ्टरग्लो इन्फ्रारेडमधे शोधताना: दुसरी इमेज कधी घ्यायची?

जीआरबी म्हणजे फार दूरवरच्या स्फोटातून येणारा गॅमा किरणांचा झोत (बर्स्ट) आणि आफ्टरग्लो म्हणजे त्यामागून मंदावत जाणारा उजेड. तो शोधायच्या कामात नवीन आलेले लोक पहिल्यांदा विचारतात की टेलिस्कोप केवढा लागतो, पण माझ्या मते आधी वेळेचं गणित पक्कं करा. स्विफ्ट उपग्रहाचा अलर्ट आला, त्यावरच्या एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीने बर्स्टच्या जागेभोवती काही आर्कसेकंदांचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वर्तुळ दिलं, की लगेच जे, एच, के या इन्फ्रारेड बँडमधे इमेज घ्यायच्या. त्या वर्तुळात कधी कधी दोन-तीन ठिपके दिसतात आणि यातला आपला कुठला हे एका इमेजवरून सहसा कळत नाही. टूमास या इन्फ्रारेड सर्व्हेच्या कॅटलॉगमधे नाही म्हणजे नवीन, असं तर अजिबात धरू नका, तो सर्व्हे उथळ आहे, मोठ्या टेलिस्कोपला त्यात नसलेले ढीगभर तारे आणि गॅलक्सी दिसतात.

म्हणून दुसरी इमेज लागतेच. आफ्टरग्लो ढोबळमानाने वेळेच्या व्यस्त प्रमाणात मंद होतो, म्हणजे बर्स्टनंतर १ तासाने जेवढा असेल त्याच्या निम्मा २ तासांनी, आणि पुन्हा निम्मा व्हायला थेट ४ तास उजाडतात. आता बघा, पहिली इमेज १० तासांनी मिळाली आणि दुसरी त्यानंतर अर्ध्या तासाने घेतली तर फरक जेमतेम ०.०५ मॅग्निट्यूड (तेज मोजायचं माप), तो नॉइजमधेच बुडतो! बर्स्टपासूनचा वेळ निदान दुप्पट होऊ द्या, मी तरी हाच नियम पाळते.

अजून एक, इन्फ्रारेड डिटेक्टरवर आधीच्या प्रखर ताऱ्याचा डाग काही वेळ राहतो आणि तोही हळूहळू विझतो, अगदी आफ्टरग्लोसारखा. आकाशाचा उजेड वजा करायला आपण टेलिस्कोप थोडा थोडा सरकवत फ्रेम घेतोच, तेव्हा सुट्या फ्रेम उघडून बघा, खरा सोर्स ताऱ्यांबरोबर सरकतो, डाग मात्र त्याच पिक्सेलवर बसून राहतो.

एवढा खटाटोप का, तर जीआरबी ०९०४२३ आठवा. २००९ साली ऑप्टिकलमधे काहीच नव्हतं, इन्फ्रारेडमधे सापडला, रेडशिफ्ट (विश्व प्रसरण पावताना प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) निघाला ८.२, म्हणजे प्रचंड दूर! वाटेतल्या हायड्रोजनने त्याचा सगळा दृश्य प्रकाश खाल्लेला. कधी कधी नुसत्या धुळीमुळेही असं होतं, पण हे वेगवेगळ्या बँडमधे मोजल्याशिवाय कळणार कसं?

आणि काहीच नाही सापडलं तरी कुठल्या बँडमधे किती मॅग्निट्यूडपर्यंत बघितलं, बर्स्टनंतर किती वेळाने, हे जीसीएन सर्क्युलरमधे (जीआरबी बघणारे एकमेकांना पाठवतात त्या सूचनांमधे) नक्की टाका, स्पेक्ट्रम घ्यायला टपून बसलेल्या लोकांना पुढची रात्र खर्च करायची का नाही ते ठरवताना हे आकडे फार कामाला येतात.