झोका, दोरी आणि 27 किलोमीटरचं वर्तुळ: नववीला कणत्वरक असा शिकवा

कणत्वरक, म्हणजे सूक्ष्म कणांना धक्के देत वेगानं पळवून एकमेकांवर आदळवणारं यंत्र, शिकवायचा म्हटलं की आपण फळ्यावर आधी टक्कर काढतो. मी ती शेवटी ठेवते. आधी धक्का समजला पाहिजे, आणि त्यासाठी पोरांना वर्गाबाहेर न्यावं लागतं.

शाळेमागच्या चिंचेला नागपंचमीचा झोका असतो. सण झाला तरी तो मी सोडू देत नाही. एकाला बसवा, दुसऱ्याला हलकेच ढकलायला सांगा. झोका मागे येत असताना मुद्दाम मध्येच धक्का द्यायला लावा. दोर ढिला पडतो, झोका अडखळतो. मग तो मागे येऊन पुढे निघायच्या क्षणी द्यायला लावा. धक्का तेवढाच, पण दर खेपेला झोका वर चढतो. हे हातांना कळलं की एलएचसीचं, म्हणजे लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकाचं, नाव काढा. जिनिव्हाजवळ सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या या यंत्रात ढकलायचं काम धातूच्या पोकळ डब्यांमधलं विद्युतक्षेत्र करतं. ते सेकंदाला 40 कोटी वेळा हेलकावतं आणि प्रोटॉनांचा पुंजका नेमका धक्क्याच्या क्षणी तिथे पोचतो. एका दिशेच्या प्रोटॉनांसाठी असे आठच डबे पुरतात, कारण तेच प्रोटॉन फिरून फिरून त्याच डब्यांत येतात.

फिरतात कसे? दोरीला खोडरबर बांधून गरगर फिरवायला द्या (दगड नको). वेग वाढवला की दोरी हाताला जास्त ओढ देते. एलएचसीत दोरीचं काम चुंबक करतात. प्रोटॉनांची ऊर्जा वाढेल तसतसं चुंबकक्षेत्र त्याच प्रमाणात वाढवत न्यायचं, तरच ते त्याच वाटेवर राहतात. त्यासाठी 15 मीटर लांबीचे 1,232 चुंबक आहेत. तारेचा रोध शून्य व्हावा म्हणून ते उणे 271 अंश सेल्सिअसला ठेवतात. 30 टनांहून जड असा एकेक चुंबक ज्या जॅकवर टेकलाय ते आपल्याकडून गेलेत, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकारानं. हे जरूर सांगा. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

आता फळ्यावर दोनच आकडे लिहा: एक फेरी 26.66 किलोमीटर, सेकंदाला 11,245 फेऱ्या. गुणाकार पोरांनाच करू द्या, घाई करू नका. 2,99,792 येतात आणि कुणीतरी ओरडतंच, "बाई, हा तर प्रकाशाचा वेग!" मग पुढचा प्रश्न येतो: वेग एवढा झालाच, तर आणखी ढकलायचं कशाला? या प्रश्नासाठीच मी हा तास घेते. एलएचसीत शिरताना प्रोटॉनाची ऊर्जा 450 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. साधारण वीस मिनिटांत ती 6,800 होते, पंधरापट. वेग मात्र जवळपास तोच राहतो, कारण प्रकाशाचा वेग गाठताच येत नाही. धक्क्यानं वाढते ती ऊर्जा.

आता टक्कर काढा. शेजारशेजारच्या दोन नळ्यांतून उलट दिशांनी येणारे पुंजके चार ठिकाणी भेटतात. आदळणाऱ्या प्रोटॉनांच्या ऊर्जेतून नवे कण जन्मतात. हिग्ज बोसॉन, म्हणजे मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं हे सांगणाऱ्या सिद्धांतातला कण, असाच सापडला, 4 जुलै 2012 ला तो जाहीर झाला. तो शोधणाऱ्या दोन प्रयोगांपैकी एक सीएमएस. त्याच्या शोधकाचा, म्हणजे टकरीतून निघालेले कण टिपणाऱ्या यंत्राचा, एक भाग मुंबईच्या टीआयएफआरनं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं) बांधलाय.