‘टायडिंग्ज’ हा जुना इंग्रजी शब्द कसा समजून घ्यावा आणि मराठीत कसा आणावा

जुने इंग्रजी साहित्य वाचताना किंवा नाताळची गाणी ऐकताना ‘टायडिंग्ज’ हा शब्द भेटला की शब्दकोश ‘बातमी’ एवढेच सांगून मोकळा होतो. अर्थ चुकीचा नसतो, पण तेवढ्यावर भाषांतर केले तर वाक्याचा सूर बिघडतो. म्हणून आधी शब्दाचे मूळ पाहावे.

पहिली खूणगाठ अशी बांधावी की या शब्दाचा समुद्राच्या भरतीशी थेट संबंध नाही. इंग्रजीतील ‘टाइड’चा मूळ अर्थ ‘काळ’ किंवा ‘वेळ’ असा होता आणि भरती-ओहोटीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. नाताळच्या दिवसांना ‘यूलटाइड’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. जुन्या इंग्रजीत ‘टीडन’ म्हणजे घडणे, आणि जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘टीधिंदी’ म्हणजे घडलेल्या गोष्टी, अर्थात वर्तमान. इंग्रजी शब्द नॉर्समधून आला किंवा निदान तिच्या प्रभावाखाली घडला, असे मानले जाते. त्याची भावंडे आजही रोजच्या वापरात आहेत: जर्मन ‘त्साइटुंग’ आणि स्वीडिश ‘टीडनिंग’ यांचा आजचा अर्थ वृत्तपत्र असा आहे. 1645 साली सुरू झालेल्या स्वीडनच्या सरकारी वृत्तपत्राच्या नावातही हाच शब्द आहे.

हे सगळे मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या शब्दांनी नेमकी हीच वाट धरली आहे. संस्कृतातील ‘वृत्’ या धातूच्या अर्थांत घडणे, असणे हेही अर्थ येतात आणि वृत्त, वार्ता, वर्तमान हे तिन्ही शब्द त्याच्याच घरचे आहेत. ‘नवल वर्तले’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘वर्तणे’ म्हणजे घडणेच असते. जुन्या पत्रव्यवहारात ‘इकडील वर्तमान’ कळवले जाई, त्यातले ‘वर्तमान’ हे माझ्या मते ‘टायडिंग्ज’चे सर्वांत जवळचे नातेवाईक. (‘न्यूज’ची गोष्ट निराळी आहे: तो ‘नवे’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, चार दिशांच्या आद्याक्षरांपासून नव्हे, मग फिरते संदेश काहीही सांगोत.)

आता प्रत्यक्ष भाषांतराकडे वळू. ‘ही ब्रॉट अस टायडिंग्ज ऑफ द बॅटल’ असे वाक्य समोर आले, तर ‘त्याने आम्हांला लढाईची बातमी दिली’ यापेक्षा ‘त्याने लढाईचे वर्तमान आणले’ असे लिहावे. कोणीतरी चालत, धापा टाकत येऊन सांगतो आहे, ही त्या शब्दातली छटा त्यामुळे राखली जाते. मात्र ‘वर्तमान’ नुसते लिहिले तर आजचा वाचक ते ‘सध्याचा काळ’ असे वाचण्याची शक्यता असते, त्यामुळे ‘लढाईचे’, ‘तिकडचे’ असे विशेषण जोडावे. ‘नो टायडिंग्ज ऑफ हिम’ असे असेल तर ‘त्याची काही खबरबात नाही’ हे सहज आणि नेमके ठरते. तिथे ‘वर्तमान’ जड होईल.

हा शब्द नेहमी शुभच असतो, असा समज मात्र टाळावा. 1611 च्या इंग्रजी बायबलात देवदूत मेंढपाळांना मोठ्या आनंदाच्या ‘गुड टायडिंग्ज’ सांगतो, पण त्याच ग्रंथातील 112 व्या स्तोत्रात नीतिमान मनुष्य ‘ईव्हिल टायडिंग्ज’ना भिणार नाही असे म्हटले आहे. शुभाशुभ विशेषणावर अवलंबून असते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘सुवार्ता’ आणि ‘शुभवर्तमान’ हे शब्द रुळलेले आहेत, तेव्हा धार्मिक संदर्भात तेच वापरावेत आणि अशुभ बातमीसाठी ‘दुर्वार्ता’ किंवा, बोलीचा सूर हवा असेल तर, ‘वाईट बातमी’ लिहावी.

व्याकरणातली एक बाब लक्षात ठेवावी: हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे आणि त्याचे एकवचन क्वचितच भेटते. मराठीत मात्र ‘वर्तमाने’ करायला जाऊ नये.